दीड वाजताचा आकडा

भावजी, काल गुरुवार होता. दीड वाजून गेला, म्हणजे आकडा आला असणार. अमेरिकेत गेल्या आठवड्यात किती जण नव्याने बेकारभत्त्याचा अर्ज करायला गेले, ते तिथल्या सरकारने नेहमीसारखं जाहीर केलं असणार. तुम्ही नाही म्हणून ते काय थांबतात. पण लंडनच्या हॅरोमधल्या या घरात काल तो कोणी वाचला नाही. मी खिचडी ढवळत राहिले आणि ती खाली लागली.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर लिहा म्हणून फोन आला होता. दोन पानं, जन्म कुठला, शिक्षण काय, बँकेत हुद्दा कुठला. मी म्हटलं, बाबा रे, हे मला धड ठाऊक नाही, आणि असतं तरी तसं लिहिता येत नाही. माझी शाळा लग्नामुळे सुटली, इंग्रजी मी इथल्या टीव्हीवरून आणि बसस्टॉपवरच्या बायकांकडून शिकले. मला बोलता येतं. तर मी भावजींशी बोलते, तुम्ही ते छापा. तो म्हणाला, चालेल काकू. म्हणून हे.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते की तुम्ही माझे धाकटे दीर. ह्यांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, तुम्हाला शिकायला इकडे बोलावलं आणि तुम्ही इथलेच झालात. लग्न केलं नाहीत. इथे जवळच पिनरला फ्लॅट घेतलात आणि लंडनमधल्या एका बँकेत जन्म काढलात. तिथे तुमचं काम असं की दर गुरुवारी दुपारी दीडला अमेरिकेतल्या बेकारांचा आकडा आला की तो चांगला की वाईट, हे त्या पैशांच्या बाजारातल्या लोकांना तिथल्या तिथे सांगायचं. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, क्रूझवर जातात. तुम्ही अमेरिकेतली बेकारी धरून बसलात.

हे गेले, मी एकटी पडले, आणि तुम्ही गुरुवारी जेवायला यायला लागलात. उपास माझा आणि खिचडी तुमची. दत्ताच्या गुरुवारी मी साबुदाणा करायचे, तुम्ही दोनदा घेऊन वर विचारायचात, वहिनी, एखादी पोळी आहे का. पण दीडच्या आधी घास तोंडात घालायचा नाही. टॅब्लेट वाटीला टेकवून ठेवायचा, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा, आणि मला विचारायचं, वर की खाली? मी काहीही सांगायचे. तिकडे बर्फ पडलंय, दुकानं बंद असतील, वर. तुम्ही म्हणायचात, बरोबर उत्तर, चुकीचं कारण. कधी माझं चुकायचं तेव्हा म्हणायचात, कारण उत्तम होतं वहिनी, आकड्यालाच अक्कल नाही.

आणि मार्चमध्ये व्हायची ती गंमत. अमेरिकेतली घड्याळं आपल्या आधी पुढे जातात, त्यामुळे दोनेक आठवडे आकडा इथे साडेबारालाच यायचा. तुम्ही दारात उभे आणि माझा साबुदाणा अजून भिजतोय. मी म्हणायचे, त्यांना सांगा जरा थांबायला. नोव्हेंबरात त्यांच्या सणाच्या आठवड्यात तो बुधवारीच यायचा, तेव्हा तर तुमचा चेहरा बघवायचा नाही. बुधवारी खिचडी नाही आणि गुरुवारी आकडा नाही.

पुण्याच्या माझ्या बहिणीने एकदा फोनवर मागून तुमचा आवाज ऐकला, "आला, आला आकडा, खाली आला." ती हळूच मला विचारते, अगं, भावजी मटका खेळतात का? तुम्हाला सांगितलं तर तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. म्हणालात, सांगा तिला, खेळणारे वेगळे आहेत, मी फक्त आकडा वाचतो.

मला तुम्ही किती शिकवलंत हो. एका आठवड्यावर जायचं नाही, चार आठवड्यांची सरासरी बघायची. ऋतूचा परिणाम वजा करायचा. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणालात, जानेवारीत हॅरोच्या जिममध्ये गर्दी होते, म्हणून हॅरो बारीक झालं असं लिहायचं का? मागच्या आठवड्याचा आकडा पुढच्या आठवड्यात दुरुस्त करून देतात, हे कळलं तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं, बघा, हा आकडासुद्धा दर गुरुवारी कबूल करतो की मागच्या वेळी जरा चुकलं होतं. तुम्ही कधी करणार? तुम्ही खिचडीत दही कालवत म्हणालात, मी चुकलो की कळवतो. आजपर्यंत काही कळवलं नाहीत.

आपला एकच वाद मात्र कधी मिटला नाही. तो सुरू झाला माझ्या एका शब्दावरून. एवढी माणसं दर आठवड्याला मागायला जातात, असं मी सहज म्हटलं. तुम्ही चमचा खाली ठेवलात.

"मागायला नाही वहिनी. हा विमा आहे. पगारातून भरलेला असतो. घराचा विमा उतरवता, छप्पर गळलं की क्लेम करता ना?"

मी म्हटलं, छप्पर गळलं तर त्यात कोणाची नामुष्की असते? तुम्ही म्हणालात, मग नोकरी गेली तर त्यात कोणाची असते? मी लगेच म्हटलं, आपल्या लोकांत कोणी जात नाही तिकडे. तर तुम्ही, "म्हणून तर मला हा आकडा पुरता खरा वाटत नाही. जे गेले तेवढेच मोजले. न गेलेल्यांना कोण मोजणार?"

हे किती वर्षं चाललं. इंग्लंडचे आकडे महिन्यातून एकदा यायचे, एका मंगळवारी सकाळी सातला. तेव्हाही तुम्ही फोन करून तेच सांगायचात. अहो वहिनी, खाली आलाय. पण खाली आला म्हणजे सगळ्यांचं बरं झालं असं नाही हं. काहींना काम मिळालं, काहींची मुदत संपली, काही जातच नाहीत. मी एका हाताने चहा गाळत हं हं करायचे. मला वाटायचं, ही बाहेरच्या जगाची गोष्ट आहे. आपल्या घरात काय.

मग या हिवाळ्याच्या तोंडाला मिलिंद गुरुवारी जेवायला यायला लागला.

माझा मुलगा, पन्नाशीला आलेला, इथे वाढलेला. तुमचा लाडका. ऑफिसने आता गुरुवारी घरून काम करायला सांगितलंय, म्हणाला. मला काय, आनंदच झाला. नवरा गेल्यापासून हे टेबल कधी तिघांचं झालं नव्हतं. मग एका सोमवारी आला, आई, तुझं गटर तुंबलंय, साफ करतो. मग मंगळवारी बल्ब बदलायला. शेडमधली हत्यारं लावली, माझे जुने डबे चॅरिटी शॉपमध्ये देऊन आला. मी तुम्हाला अभिमानाने सांगितलं, मुलगा हल्ली फार करतो हो माझं. तुम्हीही म्हणालात, वय झालं की माणूस घराकडे वळतो. तुम्ही आणि मी, दोघांनी बरोबर उलटा निष्कर्ष काढला. तिकडे समुद्रापलीकडे एखाद्या कारखान्याचं दार लागलं तर तुम्हाला आठवड्याच्या आत सुगावा लागायचा. आणि इथे आमच्या समोर बसून पोरगा खिचडी चिवडत होता.

तो गुरुवार मला जसाच्या तसा आठवतो. आकडा आला, तुम्ही वाचलात, थोडा खाली होता. मिलिंदने विचारलं, काका, हे सगळे नवीन लोक आहेत का? तुम्ही खुशीत आलात, कारण त्याने आजवर कधी काही विचारलं नव्हतं. तुम्ही नीट समजावलंत. पहिल्यांदा अर्ज करणारे वेगळे मोजतात आणि आधी अर्ज करून अजून चालू असलेले वेगळे. पहिल्यावरून कळतं किती जणांना लागलं, दुसऱ्यावरून कळतं किती जणांचं भरून येतंय.

"आणि जे यायचे बंद होतात ते?" मिलिंदने विचारलं.

"त्यांना काम मिळालं असं धरतात."

"सगळ्यांना?"

 तुम्ही क्लेमंटाइनची, त्या छोट्या संत्र्याची, साल काढत राहिलात. मिलिंद थोड्या वेळाने कॉल आहे म्हणून निघाला. दार लागल्याचा आवाज आला, आणि तुम्ही ते अर्धवट सोललेलं तसंच बशीत ठेवून म्हणालात, "वहिनी, मिलिंदची नोकरी गेलीय."

मी तुम्हाला चांगलंच फटकारलं. काहीतरीच काय बोलता, दिवसरात्र तेच डोक्यात असतं म्हणून तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, नोकरी असलेला माणूस विचारतो की आकडा का खाली आला. जे यायचे बंद होतात ते कुठे जातात, हे तो विचारत नाही. मी भांडी घासायला घेतली. डिशवॉशर असून हाताने घासली. मग हात पुसून रूपालीला, माझ्या सुनेला, फोन केला. तिने हॅलो म्हटलं आणि मी फक्त "मिलिंद" म्हटलं, तर तिकडे ती रडायलाच लागली. आई, तीन महिने झाले, म्हणाली. रिडंडंट केलं त्याला, कामावरून कमी केलं, पूर्ण टीमलाच. तुम्हाला सांगू नको म्हणाला. माझ्या ऑफिसातपण कोणाला माहीत नाही. सकाळी मुलं निघाली की तोही निघतो, लायब्ररीत बसतो, अर्ज पाठवतो. भत्त्यासाठी जॉबसेंटरला जा म्हटलं तर जात नाही.

तुम्ही समोर उभे होतात, कोट घालून. फोन स्पीकरवर होता, सगळं ऐकलंत. आणि लगेच म्हणालात, उद्या मी त्याला घेऊन जातो.

तिथे आपण भांडलो भावजी, आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं. मी म्हटलं, नाही. त्याने आपल्या तोंडाने सांगितल्याशिवाय आपण काही बोलायचं नाही. तो पन्नाशीचा माणूस आहे, त्याने झाकलंय ते उघडायचा हक्क त्याचा आहे. तुम्ही म्हणालात, झाकलेलं आत नासतं वहिनी. मी म्हटलं, ते तुमच्या आकड्यांचं असेल, माणसाचं वेगळं असतं. तुम्ही कोटाची बटणं लावून परत काढलीत. मग खुर्चीवर बसलात आणि मला एक गोष्ट सांगितलीत, जी इतकी वर्षं मला कोणीच सांगितली नव्हती.

ही बँक लागायच्या आधीची गोष्ट. तुमची पहिली नोकरी होती ती कंपनी बुडाली, आणि तुम्ही काही महिने बसून होतात. मला तेव्हा सांगितलं होतं की तुम्ही कसलीशी परीक्षा देताय. मी रोज तुम्हाला खोलीत चहा नेऊन द्यायचे आणि पोराला गप्प बसवायचे, काका अभ्यास करताहेत. आणि खरं काय, तर ठरलेल्या दिवशी तुम्ही साइन ऑन करायला, म्हणजे बेकारभत्त्यासाठी सही करायला, जायचात. तुम्हाला जायची लाज वाटत होती. तर ह्यांनी, हॉस्पिटलची ड्यूटी संपवून, तुम्हाला स्वतः गाडीने नेलं. आत चलता का, तुम्ही विचारलं, तर म्हणाले, "नाही. तू तुझं नाव तुझ्या हाताने लिही. मी इथेच आहे." आणि दर वेळी बाहेर गाडीत बसून राहिले. पेपर वाचत, कधी झोपून जात.

तुम्ही म्हणालात, "दादा त्यानंतर कधी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही नाही. मिलिंदला हे कळायला पाहिजे, वहिनी. दुसरं काही नको सांगायला."

मी तरीही म्हटलं, त्याने सांगितलं की सांगा. तुम्ही उठून कोटाची बटणं पुन्हा लावलीत. मग म्हणालात, बरं. तुमचा मुलगा, तुमचा शब्द.

आणि तुम्ही तो पाळलात. किती जड गेलं असेल ते मी बघत होते ना. पुढच्या गुरुवारांना तुम्ही आकडा मोठ्याने वाचायचं सोडलंत. टॅब्लेटवर नजर टाकायचात आणि म्हणायचात, आज काही विशेष नाही. मिलिंदच मग मान वाकडी करून बघायचा. तुम्ही त्याला भलत्याच गोष्टी विचारायचात, मुलांचं फुटबॉल, गाडीचा विमा. शेवटच्या गुरुवारी, म्हणजे तेव्हा कोणाला ठाऊक होतं शेवटचा आहे ते, तुम्ही मध्येच म्हणालात, "मिलिंद, तुझे बाबा फार चांगले ड्रायव्हर होते. थांबायला सांगितलं तर थांबायचे." तो म्हणाला, बाबा तर फार जोरात चालवायचे काका, मला उलटी व्हायची. तुम्ही नुसते हसलात. शब्दाच्या अगदी कडेपर्यंत जाऊन परत फिरलात. मी तुमच्या ताटात खिचडी वाढली. तेवढंच मला करता आलं.

रविवारी तुम्ही झोपेतच गेलात. कोणाला काही करायला दिलं नाहीत.

क्रिमेटोरियमहून परत आलो. लोक गेले, रूपाली मुलांना घेऊन घरी गेली, मिलिंद माझ्याजवळ थांबला. मी त्याला म्हटलं, बस. आणि सगळं सांगितलं. काकांना कसं कळलं, तुझ्या प्रश्नावरून. मला कसं कळलं. आपलं भांडण. आणि मग ती गाडीतली गोष्ट. तुमच्याइतकी चांगली नाही सांगता आली मला, पण "तू तुझं नाव तुझ्या हाताने लिही" हे बरोबर सांगितलं.

त्याने पहिल्यांदा काय म्हटलं माहीत आहे? "काकांना माहीत होतं?" मग पुन्हा, "म्हणजे ते सगळे गुरुवार, त्यांना माहीत होतं?" आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याचं काय झालं ते मी लिहीत नाही.

मी विचारलं, अरे पण गेला का नाहीस तू? कमीपणा वाटला? मला वाटलं होतं, तुमच्यासारखंच, की अभिमान आड आला असेल. तर म्हणाला, नाही आई. आय डोंट नो. मला वाटायचं, जोपर्यंत मी अर्ज करत नाही तोपर्यंत ते झालेलं नाही. एकदा अर्ज केला की मी त्यातला एक. काका दर गुरुवारी तसल्या माणसांबद्दल बोलतात, आणि मी समोर बसून जेवणार. तुमचा आकडा अमेरिकेचा होता हे त्यालाही माहीत होतं हो. पण जेवणाच्या टेबलावर आलेल्या आकड्याला कुठला देश असतो.

म्हणजे बघा भावजी, तुम्ही लाजेशी भांडत होतात आणि तो निराळ्याच ठिकाणी अडकला होता. तुम्ही बोलला असतात तर तो सुटला असता की आणखी आत गेला असता, मला खरंच सांगता येत नाही. मी मिलिंदला विचारलं, मी काकांना अडवलं ते बरोबर केलं का? तो म्हणाला, माहीत नाही. नंतर म्हणाला, पण त्यांनी सांगितलं असतं तर मला आवडलं असतं, त्यांच्या तोंडून. हे तुम्हाला कळवायचं होतं. आपला तो वाद मी अजून सोडलेला नाही, पण हे तुमच्या बाजूने धरा.

मग मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. हॉलचं हीटिंग नेहमीसारखं बिघडलेलं, सगळे कोट घालून बसलेले. पहिल्या रांगेत ह्यांच्या वेळचे डॉक्टर लोक, मागे नवी पिढी, पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरवाली मुलं. कोणी तुमच्या हुशारीबद्दल बोललं, कोणी तुमच्या ब्रिजच्या खेळाबद्दल. कोणीतरी म्हणालं की मराठी माणसाने लंडनच्या बाजारात नाव काढलं. मग मिलिंदला बोलावलं. त्याने कागद आणला होता, रूपालीने मराठीत लिहून दिलेला. तो त्याने खिशातून काढला, उघडला आणि परत खिशात ठेवला.

त्याचं मराठी कसं आहे तुम्हाला माहीत आहे, अर्धं वाक्य मराठी, अर्धं इंग्लिश. म्हणाला, माझे काका आयुष्यभर बेकार लोकांचे आकडे बघायचे. मला कालपरवा कळलं की ते स्वतः पण एकदा साइन ऑन करायला गेले होते. माझे बाबा त्यांना घेऊन गेले होते.

 मी खाली माझ्या बुटांकडे बघत होते. खरं सांगू, त्याने आता खाली उतरावं असं मला वाटलं. एवढ्या लोकांत, एवढ्या ओळखीच्या लोकांत.

"माझी नोकरी ऑगस्टमध्ये गेली," मिलिंद म्हणाला. "मी आईला पण सांगितलं नव्हतं. मी अजून क्लेम केलेला नाही. आज रात्री करणार आहे. काकांबद्दल मला एवढंच बोलायचं होतं."

टाळ्या वाजवायच्या की नाही कोणाला कळेना. शोकसभेत टाळ्या नसतात. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, चहा तयार आहे.

चहाच्या रांगेत आधी कोणी त्याच्याजवळ गेलं नाही. मी लांबून बघत होते आणि मनात तुम्हाला म्हणत होते, बघा, उघडं केलंत ना शेवटी. मग डॉक्टरीण बाईंचा धाकटा, तो ज्याची आई दर दिवाळीला त्याच्या प्रमोशनचं सांगते, तो प्लेट हातात घेऊन मिलिंदच्या शेजारी जाऊन उभा राहिला.  दोघं समोसा खात होते. मग तो काहीतरी पुटपुटला आणि मिलिंदने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने एक मुलगी, नागपूरची, व्हिसावर आलेली, तिने कोट घालता घालता मिलिंदला दारात गाठलं. तिला, मिलिंदने नंतर सांगितलं, भीती होती की काम गेल्याचं कोणाला कळलं तर घरमालक काय म्हणेल. मिलिंदने तिला आपला नंबर दिला. आपल्या हॉलमध्ये भावजी, समोसे खाताना. तुम्ही असतात तर मला कोपरखळी मारली असतीत.

अर्ज आता घरबसल्याच भरतात. पण एकदा जॉबसेंटरला जाऊन भेटावं लागतं, ते गेल्या मंगळवारी होतं. मी बरोबर गेले. गाडीतच बसणार होते, पण या वयात थंडीत फार वेळ बसवत नाही, म्हणून आत बाथरूम विचारायला गेले. दारावरचा माणूस मोठा प्रेमळ. म्हणतो, डार्लिंग, तुमची अपॉइंटमेंट किती वाजता? मी म्हटलं, माझी नाही हो, मी रिटायर्ड. मी तर कधी नोकरीच केली नाही. तो म्हणाला, मग तुम्ही रिटायर कशातून झालात? मला इतकं हसू आलं. लांबच्या टेबलाशी बसलेल्या मिलिंदने मान वळवून पाहिलं, आणि तोही हसला. समोरची मुलगी त्याच्याशी नीट बोलत होती. तुमच्या आकड्यात असतात तशी ती माणसं दिसत नव्हती. एक जण वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होता. एका बाईच्या पायाशी शॉपिंग होतं, त्यातून कोथिंबीर बाहेर आलेली. माझी नेहमीची दुकानं, तीच कोथिंबीर.

नोकरी अजून मिळालेली नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. उगाच गोड करून लिहीत नाही. एक मुलाखत झाली, त्यांनी कळवतो म्हटलं आहे.

पण परवा बुधवारी संध्याकाळी मिलिंद माझ्याकडे होता, आणि त्याचा फोन वाजला. तो डॉक्टरीण बाईंचा धाकटा होता. मिलिंदने स्पीकर लावला होता, मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील, धीराचं वगैरे. तर तो मुलगा घसा खाकरून विचारतो, "तिथे पार्किंग कुठे मिळतं रे?"

मिलिंदने सांगायला घेतलं. जॉबसेंटरच्या समोर लावू नकोस, दंडाचं तिकीट मिळेल. मागच्या गल्लीत जा, चर्चनंतर डावीकडे, तिथे दोन तास फ्री आहे. मशीन असतं पण ते चालत नाही. आणि लवकर जा, शाळा सुटायच्या वेळी जागा मिळत नाही. तो मुलगा हो हो म्हणत होता.  मी गॅस बारीक केला.

"थांब," मिलिंद म्हणाला, "मीच येतो तुला घ्यायला. किती वाजता बोलावलंय?"